पाळणा लांबतो तेव्हा

लग्नाला वर्ष होत आलं आणि सुनेला दिवस गेले नाहीत, की पूर्णेसारख्या गावात विचारणा सुरू होते. आधी सासूबाई, मग शेजारणी. उपासतापास होतात, कुणी अंगारा आणून देतं. पुढे ती नांदेडच्या गाडीत बसते. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं. नवरा सोबत असतो, पण फाइल धरायला. त्याच्या तपासणीचा विषयच निघत नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही सुरुवातच चुकीची आहे.

मुळात गर्भ राहणं हेच अवघड. तिशीच्या आतलं निरोगी जोडपं घेतलं, तरी एका पाळीचक्रात दिवस जाण्याची शक्यता साधारण 20 ते 25 टक्के. वर्षभरात मात्र सुमारे 85 टक्के जोडप्यांच्या घरी गोड बातमी येते. म्हणून डॉक्टर वर्षभर वाट पाहायला सांगतात. बाईचं वय 35 च्या पुढे असेल, तर सहाच महिने.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत 10 ते 20 लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम चार-पाचशे पिकून बाहेर पडतात. बाहेर आलेलं स्त्रीबीज 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. पूर्णा जंक्शनवर आधी येऊन फलाटावर थांबलेल्यालाच गाडी मिळते, तसंच हे. बीज सुटण्याआधीचे दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे. ‘चौदावा दिवस’ हा हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा. जिची पाळी 35 दिवसांनी येते, तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. कित्येक जोडप्यांचे महिने एवढ्या एका गैरसमजापायी वाया जातात.

कोट्यवधी शुक्राणूंपैकी काहीशेच गर्भनलिकेत बीजापर्यंत पोहोचतात. एक आत शिरला की बीजाचं कवच बदलतं आणि बाकीच्यांना वाट बंद होते. मग पाच-सहा दिवसांनी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. पण अनेकदा गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते आणि गर्भ तिथेच थांबतो. पाळी वेळेवर किंवा दोन दिवस उशिरा येते, कुणाला पत्ताही लागत नाही. यात बाईने उचललेल्या घागरीचा काय दोष?

कधी बीजच सुटत नाही, कधी नलिका बंद असतात. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे क्षयरोगही असतो. खोकला नसतानाही तो तिथे मुकाट्याने घर करतो. बंद नलिका टाळून शरीराबाहेर फलन घडवण्याचं तंत्र त्यासाठीच शोधलं गेलं. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तीही सार्वजनिक रुग्णालयात, याचा अभिमान वाटतो.

आता नवऱ्याकडे वळू. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातलं कारण एकटं किंवा जोडीने असतं. शरीरसंबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू शून्य असू शकतात. मर्दानगीचा इथे संबंध नाही. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. वीटभट्टीची धग, जोराचा ताप, तंबाखू यांचा फटका शुक्राणूंना बसतो. ते तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आषाढातल्या तापाचा परिणाम भाद्रपदातही दिसू शकतो.

तपासणी साधी आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबातली वळवळ दिसते. किती शुक्राणू आहेत, किती पुढे सरकतात, किती जागीच फिरतात, ते मोजतात. मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख ही जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा. पहिला अहवाल कमी आला, तर खचून न जाता तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्यावा. तोवर शुक्राणूंची नवी फळी तयार झालेली असते.