सोड्याच्या पाण्यातील बेदाणे

तरंगणे व बुडणे हा पाठ बहुतेक शाळांत लाकूड आणि दगड यांवर आटोपला जातो. त्यामुळे ‘हलके तरंगते, जड बुडते’ एवढेच मुलांच्या मनात ठसते. ही समजूत पुरती खरी नव्हे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षकांना स्वयंपाकघरातील जिनसांवरच ती तपासून पाहता येईल.

काचेचा पेला दोन-तृतीयांश पाण्याने भरावा. त्यात चहाचा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चार-पाच लहान, सुटे बेदाणे टाकावेत. ते तळाशी जातील. येथे थांबून, पुढे काय होईल ते मुलांना वहीत लिहावयास सांगावे. ही पायरी गाळू नये. मग दोन लिंबांचा गाळलेला रस हळूहळू ओतावा. चिंचेच्या कोळानेही वायू सुटतो, परंतु पाणी गढूळ होऊन दिसावयाचे तेच दिसत नाही. धुण्याचा सोडा मात्र मुळीच वापरू नये.

लिंबातील आम्ल व सोडा यांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. बेदाण्याच्या सुरकुत्यांत त्याचे बुडबुडे धरतात, बेदाणा वर येतो, पृष्ठभागाशी बुडबुडे फुटतात आणि तो पुन्हा तळ गाठतो. रस संपेपर्यंत ही ये-जा चालते. शेजारी साध्या पाण्याच्या पेल्यात तसेच बेदाणे ठेवावेत. ते जागचे हलणार नाहीत.

‘वायूमुळे बेदाणा हलका झाला’ असे उत्तर मुले हमखास देतात. शिक्षकाने ते तसेच स्वीकारू नये. बेदाण्याचे वजन घटलेले नाही. बुडबुड्यांनी वजनात नाममात्र भर घातली, पण जागा पुष्कळ व्यापली. म्हणून अधिक पाणी बाजूस सारले गेले. जेवढे पाणी सारले जाते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा वर मिळतो, हे आर्किमिडीजचे तत्त्व होय. बेदाणा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १.३ पट जड धरला, तर त्याच्या आकारमानाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढा वायू चिकटताच तो उचलला जातो.

हे कळण्यास खेड्यातील मुलाला दूर जावे लागत नाही. पाठीला वाळलेला भोपळा किंवा हवाबंद पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहणे शिकण्याची रीत त्याला ठाऊक असते. डबा म्हणजे बेदाण्याचा बुडबुडाच. डब्यात पाणी शिरले की बुडबुडा फुटला, आणि मग तळ गाठणारा बेदाणा नसून मूल असते. घोड नदीवरील डिंभे, कुकडीवरील माणिकडोह व मीनेवरील वडज ही धरणे ज्यांच्या गावांजवळ आहेत, त्या शाळांनी पाठाचा हा भाग घाईने उरकू नये. एक डबा शाळेत आणवावा. बादलीतील पाण्यात तो पुरता दाबून धरून शिवणीशी व झाकणाशी बुडबुडे निघतात का, हे प्रत्येक मुलाने स्वतः पाहावे. एकही बुडबुडा निघाला, तर तो डबा पाठीला बांधावयाचा नाही.