झिजलेला गुडघा आणि घसाऱ्याचा हिशेब

नोव्हेंबर उजाडला की आमच्या इंदूर येथील शाखेत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या या ज्येष्ठ ग्राहकांत, होळकरांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मंडळीही बरीच असतात. शाखेच्या दाराशी सात पायऱ्या आहेत आणि माझ्या टेबलावरून त्या स्पष्ट दिसतात. कोणी कठडा धरून आडव्या पावलाने एकेक पायरी चढतो, कोणी तिसऱ्या पायरीवर थांबून रस्त्याकडे पाहिल्याचे निमित्त करतो. कागदावर सही झाली की बोलणे हटकून गुडघ्यांवर येते. "काय करणार ताई, गुडघे झिजले. आता जपून, कमीत कमी वापरायचे," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध मात्र अनेकांचे नुकसान करतो, हे मला घरच्या अनुभवाने कळले.

माझी आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय ६७. सारे आयुष्य फळ्यापुढे उभे राहण्यात गेले. दोन वर्षांपूर्वी गुडघेदुखी वाढली म्हणून क्ष-किरण चित्र काढले. "सांधा झिजला आहे, आज ना उद्या बदलावा लागेल," एवढेच सांगून तिला गोळ्यांची चिठ्ठी देण्यात आली. आईने त्यातून स्वतःचा अर्थ काढला आणि उरलेला गुडघा पुरवून वापरायचे ठरविले. सकाळचे फिरणे बंद झाले, भाजी आणणे बंद झाले, गच्चीवरच्या कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या. चार महिन्यांनी वजन पाच किलोंनी वाढले होते, मांड्या बारीक झाल्या होत्या आणि दुखणे पूर्वीपेक्षा अधिक होते. एके दिवशी स्नानगृहातील स्टुलावरून तिला उठता येईना. मला हाक मारावी लागली याचे जे दुःख तिच्या चेहऱ्यावर होते, ते गुडघ्याच्या दुखण्याहून मोठे होते.

मी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाची मुलगी एवढाच. परंतु 'झीज' हा शब्द ऐकला की आम्हा वाणिज्यवाल्यांना घसारा आठवतो. यंत्र घेतले की दरवर्षी त्याची किंमत ठरावीक प्रमाणात घटते. जितका वापर अधिक तितकी झीज अधिक आणि अखेरीस भंगार. आईने आपल्या गुडघ्याचा हिशेब नेमका याच पद्धतीने मांडला होता. नंतर ज्या फिजिओथेरपिस्टकडे आम्ही गेलो, त्यांनी ही खतावणीच चुकीची असल्याचे समजावून सांगितले.

गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण होते ते सांध्यातील द्रवातून. चालताना कूर्चा दाबली जाते, पाऊल उचलताच मोकळी होते आणि स्पंजाप्रमाणे तो द्रव शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे जेवण. शिवाय कूर्चेत संवेदना वाहून नेणाऱ्या नसाही नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे आतील सुजलेले अस्तर आणि भोवतालच्या ऊती. त्यामुळेच क्ष-किरण चित्र आणि वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. चित्रात बरीच झीज दिसत असूनही आरामात हिंडणारी माणसे असतात आणि किरकोळ झीज असून बेजार झालेलीही असतात. चित्र पाहून धीर सोडण्याचे कारण नाही, असे मला वाटते ते यासाठी.

गुडघ्यावर येणारा भार पेलण्याचे मोठे काम मांडीच्या पुढील भागातील स्नायू करतात. विश्रांतीने हे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, मग तोच भार सांध्यावर पडतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखी विश्रांती घेतो. हे चक्र उलटे फिरविणे हाच शस्त्रक्रियेविना उपचाराचा गाभा होय. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत या विकाराच्या प्रत्येक रुग्णास व्यायाम सुचवावा असे म्हटले आहे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली व्यायामाची जोरदार शिफारस केली.

आईला सुरुवातीस दिलेले व्यायाम ऐकून आम्हाला थोडी निराशाच झाली होती, इतके ते साधे होते. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि मांडी आवळून तो खाली दाबायचा. पाच सेकंद दाब, मग सैल. असे दहा वेळा. पाठीवर झोपून एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवायचा आणि दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करून क्षणभर धरायचा. तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीतून हात न टेकता उठणे व सावकाश बसणे हा व्यायाम आला. आईच्या मते हाच सर्वांत कठीण आणि हाच सर्वांत उपयोगी. प्रारंभी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवावी लागली. पुढे एक उशी निघाली, मग दुसरीही. त्याबरोबर रोज सपाट रस्त्यावर चालणे, आरंभी दहाच मिनिटे.

व्यायाम करताना दुखणारच, तेव्हा किती दुखले तर चालेल हा प्रश्न प्रत्येकास पडतो. आम्हाला सांगितलेला नियम व्यवहार्य वाटला: थोडे दुखणे वाढले तरी ते दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर आले पाहिजे. तसे न झाल्यास मात्रा कमी करावी, व्यायाम सोडू नये. फरक जाणवण्यास सहा ते आठ आठवडे लागतात आणि बहुतेक माणसे तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात. आवर्ती ठेवीचे दोन हप्ते भरून व्याज विचारायला येणारे ग्राहक आपण पाहतोच!

वजनाविषयी एकच गोष्ट सांगते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की शरीराचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. दिवसाकाठी पडणाऱ्या काही हजार पावलांचा गुणाकार वाचकांनी स्वतःच करावा. आईने सायंकाळची फरसाणाची वाटी (इंदुरात राहून हे सोपे नव्हे) आणि चहातील साखर सोडली. सात महिन्यांत सहा किलो उतरले.

आपल्या राहणीतील काही सवयींना मुरड घालावी लागते. उकिडवे बसणे, पाटावर मांडी घालून दीर्घ काळ जेवणे, जमिनीवर बसून भाजी निवडणे यांत गुडघा पूर्ण दुमडतो आणि दुखऱ्या सांध्यावर ताण येतो. देवपूजा चौरंगापुढे खुर्ची ठेवून केली तरी चालते, हे आईला पटविण्यास मात्र व्यायामापेक्षा अधिक वेळ लागला. संडासात कमोड आणि भिंतीला पकडण्याची दांडी, हा खर्च सर्वप्रथम करावा. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरण्याची चूक सर्रास होते. ती विरुद्ध हातात धरावी व दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

औषधांच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जण वेदनाशामक गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतात. त्यांनी जठरात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंड व हृदय यांवरही परिणाम होऊ शकतो. गुडघ्यासाठी वरून लावावयाचे वेदनाशामक मलम हा आधी करून पाहण्याजोगा व तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमीत कमी दिवस. दुसरे टोक म्हणजे 'दुष्परिणामविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. दोन दिवसांत चमत्कार घडविणाऱ्या पुडीबद्दल आनंदापेक्षा संशय वाटावा.

'वंगण' भरण्याच्या इंजेक्शनांची आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची जाहिरात मोठी असली, तरी वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश सूचना दोन्ही देऊ नयेत असे सांगतात. स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्‌स टोचण्याचा उपचार अलीकडे महागड्या दराने होतो. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून लक्षणीय सरस ठरला नाही. स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, परंतु ते वारंवार घेतल्यास कूर्चा अधिक झिजते असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. दुर्बिणीतून सांधा 'साफ' करण्याची कथा तर फारच उद्बोधक आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांपैकी काहींवर ही शस्त्रक्रिया केली गेली, तर काहींच्या कातडीवर केवळ छेद घेऊन ते शिवले गेले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे दुखणे सारखेच होते. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

सांधेरोपणाची शस्त्रक्रिया वाईट आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. नेटाने केलेल्या व्यायामानंतरही रात्रीची झोप उडत असेल, पाय धनुष्याप्रमाणे वाकत चालला असेल, घरातल्या घरात चालणे अशक्य झाले असेल, तर ती शस्त्रक्रिया पुष्कळांना नवे आयुष्य देते. आणि आधी कमावलेले स्नायू तिच्यानंतरही कामी येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तरी रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत या शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. तो पॉलिसी घेतानाच वाचावा. गुडघा तापून लाल झाला असेल व ताप असेल, पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, सांधा अडकत असेल, किंवा सकाळी बोटांसह अनेक सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील, तर व्यायामाआधी डॉक्टरांना गाठावे. तो विकार निराळा असू शकतो.

आईचे दुखणे गेलेले नाही. पावसाळ्यात ती अजूनही कुरकुरते आणि मांडी घालून बसणे तिने कायमचे सोडले आहे. परंतु स्टुलावरून ती एकटी उठते, बाजारात जाते आणि कुंड्या परत आल्या आहेत.

ज्यांचे दुखणे सध्या तीव्र आहे, अशा ग्राहकांनी हयातीच्या दाखल्यासाठी पायऱ्या चढण्याचा अट्टहास करू नये. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सुविधा २०१४ पासून उपलब्ध आहे. २०२१ पासून ती मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही वापरता येते. सत्तर वर्षांवरील व्यक्तींना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व बँकांना दिल्या. शाखेत एक दूरध्वनी करून चौकशी करावी. आणि जे येतीलच त्यांच्यासाठी, आमच्या पायऱ्यांना आता दुसऱ्या बाजूसही कठडा बसला आहे. चढताना उजव्या हाताशी असलेला एकुलता एक कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, ही गोष्ट आईला एकदा शाखेत आणेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती.