घरातलं हिरवं (भाग ४) : आधी कोपरा, मग झाड

गेल्या आठवड्यात आपण कुंड्या पाहिल्या. आता त्यांत लावायचं काय? नर्सरीत गेलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "फार बघावं लागणार नाही असं एखादं झाड द्या." नर्सरीवाला बिचारा काय सांगणार? त्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं. झाड सोपं की अवघड, हे ते कुठे ठेवणार यावर ठरतं. अंगणात जोमाने वाढणाऱ्या तुळशीच्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, थोड्याच दिवसांत काड्या होतात. तुळस काही नाजूक नाही. तिला ऊन लागतं आणि ते तिथे पोचत नाही.

म्हणून आधी उजेड पारखा. दुपारी बाराच्या सुमाराला, कुंडी जिथे ठेवायची तिथे एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची बोटं मोजता आली तर उजेड भरपूर आहे. हाताचा नुसता धूसर आकार दिसला तर मध्यम. सावली पडलीच नाही, तर त्या कोपऱ्यात झाड ठेवू नका, चित्र लावा. ही परीक्षा करायची कारण डोळा इथे फसतो. खिडकीपासून आठ-दहा फूट आत गेलं की उजेड कितीतरी पटींनी घटतो, पण डोळा लगेच सरावतो आणि आपल्याला खोली उजळच वाटते. झाडाला मात्र ती उपासमार असते.

परदेशी पुस्तकांत दक्षिणेच्या खिडकीचं फार कौतुक असतं. लंडन-न्यूयॉर्कला ते बरोबरच आहे, तिथे माध्यान्हीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. त्यामुळे डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत उतरतं, जूनमध्ये ते उंबऱ्यावरही येत नाही. आपल्याकडे पूर्वेची खिडकी सगळ्यांत चांगली. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेच्या दुपारी पानं अक्षरशः भाजतात, तपकिरी चट्टे पडतात. तिथे पातळ पडदा लावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत सरकवा.

मध्यम उजेडाच्या जागेसाठी माझी पहिली पसंती स्नेक प्लांटला. हे मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं झाड. बहुतेक झाडांची पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात, याची मुख्यतः रात्री. त्यामुळे उन्हात बाष्प उडून जात नाही आणि जाड पानांतलं पाणी टिकतं. 'रात्री ऑक्सिजन देणारं झाड' म्हणून ते विकलं जातं, त्यात तथ्य नाही. रात्री ते कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं, ऑक्सिजन तयार होतो तो दिवसा, उजेडातच.

दुसरं झीझी. पूर्व आफ्रिकेतल्या या झाडाची व्यापारी लागवड डच रोपवाटिकांनी 1996च्या सुमारास सुरू केली आणि मग ते जगभरच्या ऑफिसांत पोचलं. कुंडी बदलताना झीझी कधी उपटून पाहा. मुळांमध्ये बटाट्यासारखे टणक, फिकट गड्डे असतात. ते सगळे पाण्याचे साठे. वरची माती कोरडीठाक दिसली तरी झाड तजेलदार का, याचं उत्तर तिथे आहे. असं झाड पाण्यावाचून क्वचितच मरतं. ते मरतं माणसाच्या मायेने.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळं त्या हवेवर श्वास घेतात. रोज पाणी घातलं की पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. ते पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो! पानं मलूल दिसली की आधी बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओल लागली तर पाणी मुळीच घालू नका. स्नेक प्लांट आणि झीझीला तर माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. पावसाळ्याच्या दमट दिवसांत दोन-तीन आठवडे तांब्या उचलला नाही तरी चालतं.

स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेतला, पण कोकणातल्या वाचकांना त्याचं खानदान ओळखीचं वाटेल. पावसाळ्यात बाजारात येणारी फोडशीची भाजी याच्याच प्रजातीतली. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याची टोकं करपतात, साठवलेलं पावसाचं पाणी मानवतं. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर हेच झाड आणा. मनी प्लांट, झीझी आणि अॅग्लोनेमा अळूच्या कुळातली आहेत. कच्चं अळू ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाजतं, तेच त्यांच्या पानांत असतात. चावलं तर तोंडाची आग होते. स्नेक प्लांटही मांजरांना बाधतं.

हवा शुद्ध होईल म्हणून झाडं घेणार असाल, तर थोडं थांबा. ती ख्याती 1989च्या नासाच्या अभ्यासातून आली, पण ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झाले होते. 2019मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडक्या-दारांतून सहज होणारी हवेची अदलाबदल झाडांनी गाठायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्याचा हिशेब निघाला. झाड घ्यावं ते डोळ्यांना बरं वाटतं म्हणून. मला ते कारण पुरेसं वाटतं.

रोप घेताना पानं उलटून पाहा. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, असं रोप घेऊ नका. आणलेलं रोपही दोन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा.

मनी प्लांट बहुतेक घरांत बाटलीतल्या पाण्यात असतो. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पुढच्या आठवड्यात आपण कुंडीतल्या मातीकडे वळू. तोवर घरातल्या सगळ्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आजच रिकाम्या करा, आतून घासून घ्या आणि दर आठवड्याचा एक वार त्यासाठी ठरवून टाका.