परावर्तनाची भाषा : कार्ल रॉजर्स आणि त्यांची उपचारपद्धती

मानसोपचार हा बोलून करावयाचा उपचार आहे. ही गोष्ट इतकी उघड आहे की, त्या बोलण्याचे प्रत्यक्ष स्वरूप कोणते हा प्रश्न दीर्घकाळ कोणी गंभीरपणे विचारलाच नाही. उपचारकाने सायंकाळी स्मरणातून लिहून काढलेली टिपणे हीच त्या शास्त्राची सामग्री होती. कोणत्याही भाषाभ्यासकाला अशी सामग्री अपुरी वाटेल. कारण स्मरण आशय जपते, पण शब्द टाकून देते. ही उणीव ज्या मानसशास्त्रज्ञाने सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर भरून काढली, त्या कार्ल रॉजर्स यांच्या विचाराची घडण भाषेच्या अभ्यासकाने म्हणूनच समजून घेण्यासारखी आहे.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळील ओक पार्क येथे झाला. घर कडक प्रॉटेस्टंट वळणाचे. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शिकागोच्या पश्चिमेस एका शेतावर राहावयास गेले. तेथे पशुखाद्यावरील एका जाडजूड ग्रंथातून प्रयोग म्हणजे काय, तुलनेसाठी वेगळा गट का ठेवावा लागतो, हे या मुलाला कळले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतकीच्या शिक्षणासाठी प्रवेश, मग धर्मकार्याची ओढ, १९२२ साली विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती परिषदेसाठी पेकिंगचा प्रवास, त्या प्रवासात आईवडिलांच्या मतांपासून झालेली फारकत, १९२४ पासून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्ययन, असा क्रम आहे. एका विशिष्ट मतावर श्रद्धा ठेवणे ही जन्मभराच्या व्यवसायाची अट असावी, हे त्यांना मानवेना. रस्ता ओलांडून पलीकडच्या टीचर्स कॉलेजात ते गेले आणि १९३१ मध्ये तेथे त्यांना डॉक्टरेट मिळाली. शेतातील प्रयोग आणि धर्मपीठावरील आस्था या दोन्ही गोष्टी त्यांनी कधी पूर्णपणे टाकल्या नाहीत. त्यांचे अनुयायी दुसरीचीच आठवण अधिक ठेवतात, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच होय.

१९२८ ते १९४० ही बारा वर्षे रॉजर्स यांनी रॉचेस्टर शहरातील बालकांच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेत काढली. न्यायालयाने किंवा समाजसंस्थांनी पाठविलेली मुले तेथे येत. येथील एका प्रसंगाचा उल्लेख त्यांनी पुढे स्वतः केला आहे. एका दांडगट मुलाच्या आईशी त्यांच्या अनेक मुलाखती झाल्या. आईने मुलाला लहानपणी झिडकारले हे त्याच्या वागण्याचे मूळ आहे, असे निदान झाले होते व ते तिला हळूहळू पटवून देण्याचा प्रयत्न चालू होता. यश येईना. अखेर दोघांनीही प्रयत्न सोडून देण्याचे ठरविले. बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि येथे मोठ्या माणसांनाही मदत केली जाते काय, असे त्यांनी विचारले. होकार मिळताच परत येऊन बसल्या आणि आपल्या वैवाहिक दुःखाची हकीकत सांगू लागल्या. ती हकीकत आधी नोंदविलेल्या नीटनेटक्या ‘इतिहासा’हून अगदी निराळी होती. कोठे दुखते आणि कोठे जावयाचे हे सांगणाऱ्यालाच ठाऊक असते, हा रॉजर्स यांचा सिद्धांत या व अशा अनुभवांतून आला. ऑटो रँक यांच्या विचारांचाही त्यात वाटा आहे. तो सिद्धांत ग्रंथालयात जन्मलेला नाही, एवढे मात्र खरे.

१९४० मध्ये ते ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९४२ साली त्यांचे ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हे पुस्तक निघाले. त्याच्या अखेरच्या भागात एका इसमाच्या, टोपणनाव देऊन, आठ मुलाखती शब्दशः छापल्या आहेत. प्रत्येक उक्तीला क्रमांक आहे, जागोजागी उपचारकाच्या चुकांवर टिपा आहेत. आज टेप व भ्रमणध्वनीच्या काळात याचे महत्त्व ध्यानी येणार नाही. त्या वेळी ध्वनिमुद्रण तबकडीवर होई. एका बाजूवर थोड्याच मिनिटांचे बोलणे मावे व तबकड्या सतत बदलाव्या लागत. पण या खटाटोपाचे फळ मोठे होते. टिपणे आणि मुद्रण यांची तुलना होताच प्रत्यक्ष संभाषणाचा केवढा भाग टिपणांतून गळतो हे दिसले. दुसऱ्या एका पाहणीत, मार्गदर्शन करणारे सल्लागार मार्गदर्शन न करणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट शब्द बोलतात असे आढळले. आपण ऐकत आहोत असे मानणारा मनुष्य वस्तुतः बोलत होता.

मग उपचारकाने करावयाचे काय? उपदेश नाही, अर्थनिर्णय नाही, धीर देणे नाही, चौकशीही नाही. समोरच्याच्या बोलण्यातील भावना ओळखून ती त्याच्यापुढे पुन्हा ठेवावयाची. यालाच भावनांचे परावर्तन असे नाव पडले. १९५१ च्या ‘क्लायंट-सेंटर्ड थेरपी’ या ग्रंथात भर तंत्रावरून वृत्तीकडे वळला. १९५७ च्या सुप्रसिद्ध निबंधात तीन अटी मुख्य ठरल्या : उपचारकाची अंतर्बाह्य एकरूपता, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती. दुसऱ्याचे जग ते जणू आपलेच आहे अशा रीतीने जाणावयाचे. मात्र त्यातील ‘जणू’ कधी सुटू द्यावयाचे नाही, अशी समानुभूतीची व्याख्या आहे. सहानुभूतीत हे ‘जणू’ नसते, म्हणून हे दोन शब्द वेगळे ठेवणे अवश्य आहे.

संज्ञांची गोष्ट निघाली आहे, तर मराठीतील एक विसंगती नोंदविली पाहिजे. रॉजर्स यांनी ‘रुग्ण’ हा शब्द टाकून ‘क्लायंट’ हा शब्द घेतला, तो त्या व्यक्तीचे कर्तेपण राखण्यासाठी. मराठीत त्याला ‘अशील’ म्हणावे तर कोर्ट आठवते, ‘ग्राहक’ म्हणावे तर दुकान. रूढ झालेला शब्द ‘सल्लार्थी’, म्हणजे सल्ला मागणारा. आणि या व्यवसायाचे नाव ‘समुपदेशन’! जो मनुष्य जन्मभर उपदेशाविरुद्ध लिहीत राहिला, त्याची पद्धती मराठीत ‘उपदेश’ पोटात घेऊनच वावरते. शब्द आता रुळला आहे आणि बदलणार नाही. पण वर्गात शिकविताना ही गाठ सोडवून दाखविणे बरे.

परावर्तन ही भाषिक दृष्टीने मोठी चमत्कारिक कृती आहे. ‘तुम्हांला त्यांचा राग आला आहे’ हे वाक्य रचनेने विधान आहे, प्रश्न नव्हे. तरी ऐकणारा त्याला उत्तर देतो. विल्यम लबॉव्ह व डेव्हिड फॅन्शेल यांनी १९७७ च्या आपल्या ‘थेराप्यूटिक डिस्कोर्स’ या ग्रंथात याचा नियम दिला आहे. जी घटना केवळ श्रोत्यालाच ठाऊक असू शकते, तिच्याविषयी वक्त्याने विधान केले, तर ते पुष्टीची विनंती म्हणून ऐकले जाते. दुसऱ्याच्या मनातील राग ही अशीच घटना आहे. म्हणून परावर्तन करणारा अधिकार सांगतही नाही आणि उलटतपासणीही करीत नाही; विधान करून तो निर्णय समोरच्याच्या हाती देतो. उत्तरायुष्यात रॉजर्स यांनाही ‘परावर्तन’ या शब्दाचा कंटाळा आला होता. आपण आरसा धरीत नाही, आपले आकलन बरोबर आहे की नाही हे तपासून पाहतो, असे ते म्हणत. भाषावैज्ञानिकांचा नियम आणि उपचारकाची ही दुरुस्ती यांचा मेळ नीट बसतो.

तंत्र तेवढे उचलले तर त्याचे विडंबन सोपे होते. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाची संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या एका रूपात यंत्र रॉजर्सपंथी उपचारकाप्रमाणे बोले. म्हणजे ‘मी’चा ‘तुम्ही’ करून वाक्य परत फेकी. यंत्राला अर्थ कळत नसूनही माणसे त्याच्याजवळ मन मोकळे करू लागली, याचे खुद्द वायझेनबाउम यांनाच वैषम्य वाटले. त्याच वर्षी अधिक गंभीर आघात झाला. चार्ल्स ट्रुॲक्स या रॉजर्स यांच्याच सहकाऱ्याने त्यांच्या एका दीर्घ व यशस्वी उपचाराची मुद्रिते तपासली. स्वीकार विनाअट असेल तर रुग्णाने काहीही म्हटले तरी प्रतिसादाची ऊब सारखीच हवी. ती तशी नव्हती. काही प्रकारच्या बोलण्याला, उदाहरणार्थ रुग्ण उपचारकाच्या धाटणीने बोलू लागला की, प्रतिसाद अधिक ऊबदार होई. आणि त्या प्रकारचे बोलणे वाढतही जाई. मुद्रणाची प्रथा ज्याने पाडली, त्याचाच सिद्धांत मुद्रणाने अडचणीत आणला. येथे रॉजर्स यांचे मोठेपण तत्त्वापेक्षा पद्धतीत अधिक दिसते : स्वतःविरुद्धचा पुरावा त्यांनीच उपलब्ध करून ठेवला होता.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही अशी एक कसोटी येऊन गेली होती. शिकागोत असताना, १९४९ च्या सुमारास, एका अतिशय विस्कळीत मनाच्या स्त्रीवर उपचार करताना त्यांचा स्वतःचा तोल सुटू लागला. काम सहकाऱ्याकडे सोपवून ते पत्नीसह दोन-तीन महिने शहराबाहेर निघून गेले आणि परतल्यावर आपल्याच हाताखाली तयार झालेल्या एका तरुण उपचारकाकडे त्यांनी स्वतः उपचार घेतले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये इस्पितळातील छिन्नमनस्क रुग्णांवर जे मोठे संशोधन झाले, त्याचे निष्कर्ष आशेपेक्षा फिके निघाले. कित्येक रुग्ण बोलतच नसत. आणि जेथे शब्दच नाहीत तेथे परावर्तन कशाचे करणार? अशा एका मूक तरुणाजवळ रॉजर्स दीर्घकाळ नुसते बसत आणि अधूनमधून स्वतःला काय वाटते ते सांगत. तंत्राची मर्यादा येथे त्यांनी आचरणानेच मान्य केली.

मराठीच्या अभ्यासकाला याहून जवळचा असा एक प्रश्न उरतो. १९५८ मध्ये रॉजर्स यांनी उपचाराच्या प्रगतीच्या सात पायऱ्या मांडल्या. खालच्या पायरीवरील मनुष्य आपल्या भावनांविषयी त्या बाहेरच्या वस्तू असाव्यात तसे बोलतो. वरच्या पायरीवर तो त्या आपल्या म्हणून, घडत असतानाच व्यक्त करतो. ही खूण पुष्कळ अंशी वाक्यरचनेवरून ओळखावयाची, आणि ती रचना इंग्रजीची, जेथे ‘मी’ हा सरळ कर्ता असतो. मराठीत मात्र राग ‘येतो’, भीती ‘वाटते’, आठवण ‘होते’. अनुभवणारा ‘मला’ असा चतुर्थीत राहतो आणि क्रियापद भावनेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते : मला राग आला, मला भीती वाटली. ‘मी रागावलो’, ‘मी भ्यालो’ हे पर्याय आहेत, पण ‘मला वाईट वाटते’ याला तितकाच सहज कर्तरी पर्याय शोधू गेल्यास ‘मी दुःखी आहे’ असे पुस्तकी वाक्य हाती येते.

तेव्हा मराठी मुलाखतीच्या लेखी प्रतीत ‘मला राग येतो’ हे भावनेशी दुरावा दाखविणारे मानावयाचे काय? तसे मानल्यास सगळी मराठी भाषाच पहिल्या-दुसऱ्या पायरीवर अडकलेली ठरेल, हे उघडच चूक आहे. दुराव्याच्या खुणा मराठीत अन्यत्र शोधाव्या लागतील. ‘मला’ गाळून नुसते ‘राग येतो कधीकधी’ असे म्हणणे, ‘आपल्याला’ किंवा ‘माणसाला वाईट वाटतंच’ असे सामान्य विधान करणे, अनुभव वर्तमानाऐवजी रीतिभूतकाळात ‘राग यायचा’ असा ढकलणे, ही त्यांपैकी काही स्थळे. परावर्तन करणाऱ्याच्या बाजूनेही असेच आहे. ‘तुम्हांला राग आला’ हे विधान, ‘राग आला ना’ ही कबुलीची मागणी, ‘राग आला का’ ही चौकशी, तर ‘म्हणजे तुम्हांला राग आला’ आणि ‘राग आला असं दिसतंय’ यांत ते ‘जणू’ कमीअधिक प्रमाणात शिल्लक राहते. ‘ना’ आणि ‘म्हणजे’ यांतील हा फरक व्याकरणाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपलेला असतो. मराठीतून उपचार करणाऱ्याला मात्र तासाभरात तो कितीतरी वेळा पाळावा लागतो.