जलसा आणि वीज

गाण्याने वीज निर्माण होत नाही. मग ऊर्जेच्या प्रश्नासाठी जलसे कशाला, असे कोणीही विचारील. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात अपघात झाला. त्यानंतर जॅक्सन ब्राउन, ग्रॅहम नॅश, बॉनी रेट व जॉन हॉल या गायकांनी पुढाकार घेतला आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ५ रात्री 'नो न्यूक्स' जलसे झाले. हेतू हा, की अणुविजेला विरोध व सौरऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांना निधी मिळावा. २३ सप्टेंबरला त्याच शहरात भरलेल्या सभेस सुमारे २ लाख लोक आले. जलशाने पैसा उभा केला, तशी माणसेही जमविली.

आज मुख्य चिंता हवामानबदलाची आहे. तिने जलशापुढे तिसरे काम ठेवले: स्वतःचा धूर मोजण्याचे. दिवे आणि ध्वनिवर्धक यांच्यापेक्षा श्रोत्यांच्या प्रवासातूनच बहुधा अधिक कार्बन हवेत जातो. म्हणून २५ ऑगस्ट २०२४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे 'मॅसिव्ह अटॅक' या वाद्यवृंदाने अपारंपरिक विजेवर भारित केलेल्या बॅटऱ्यांवर कार्यक्रम केला. मोटारी उभ्या करण्यास जागाच ठेवली नाही. रात्री परतीसाठी जादा आगगाड्यांची सोय केली. स्थानिक रहिवाशांना तिकिटे आधी दिली.

आपल्या स्नेहसंमेलनालाही ही कसोटी लावून पाहावी. जमाखर्चाशेजारी जनरेटरला डिझेल किती लागले आणि मंडळी कशाने आली, एवढ्या दोन ओळी लिहिल्या तरी सुरुवात होईल.