दुनळी बंदुकीचे इजेक्टर व कालनिर्णय

जालना येथील मस्तगड ही गढी निजामुल्मुल्क आसफजाह याच्या आज्ञेनें काबिलखानानें 1725 च्या सुमारास बांधविली. गांवाजवळील हैदराबाद कंटिंजंटची छावणी 1903 मध्यें उठली. अशा लष्करी राबत्याच्या स्थळीं दप्तरांचा शोध घेतांना एखादी विलायती दुनळी बंदूक पुढें आली व ती सत्तावन सालची असल्याचें सांगण्यांत आलें, तर त्या परंपरेची परीक्षा करण्यास इजेक्टर हें उत्तम साधन होय. मात्र तत्पूर्वीं तो नीट काढतां व साफ करतां आला पाहिजे.

बार झाल्यावर पुंगळी काढण्याच्या दोन रीती आहेत. एक्स्ट्रॅक्टर हा अखंड तुकडा असून तो दोन्ही पुंगळ्या किंचित् वर उचलतो. पुढें त्या हातानें ओढाव्या लागतात. इजेक्टराचे दोन स्वतंत्र अर्धभाग असतात व ज्या नळीचा बार झाला तिचीच पुंगळी बाहेर फेंकली जाते. ही युक्ति इंग्लंडांत जोसेफ नीडहॅम यानें 1874 मध्यें पेटंट केली. सबब इजेक्टर असलेली बंदूक त्याच रूपानें 1857 मध्यें असणें शक्य नाहीं.

प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. नंतर नळ्यांखालील लांकडी भाग, ज्यास फोर-एंड म्हणतात, तो काढून नळ्या उतरवाव्या. इजेक्टर अडवून धरणारा लहान स्क्रू बहुधा नळ्यांच्या मागील टोंकाशीं खालच्या अंगास असतो. त्याच्या खांचेंत तंतोतंत बसेल असाच पेंचकस वापरावा. सैल पेंचकसानें खांच कायमची बिघडते. स्क्रू निघतांच दोन्ही अर्धभाग मागें सरकवून काढावे व डावाउजवा लगेच वेगळा ठेवावा.

वाळून चिकट झालेलें तेल व दारूची काजळी हेंच इजेक्टर अडकण्याचें नेहमींचें कारण होय. तुकडे रॉकेलमध्यें भिजवून मऊ ब्रशानें पुसावे, दांड्यांचीं भोंकें लांकडी काडीस फडकें गुंडाळून साफ करावीं, सर्व कोरडें करून पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. पॉलिशकागद लावूं नये. मस्तगडावरील फार्सी लेख कोणी तारेच्या ब्रशानें घासणार नाहीं, तीच दक्षता येथेंहि हवी. फोर-एंडमधील कमानी जोरकस असतात. त्या जाणत्या कारागिराखेरीज कोणीं सोडवूं नयेत.

आतां अंक पाहावे. नळ्यांखालील सपाटीवर परीक्षागृहाच्या मुद्रा असतात. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह 1813 च्या कायद्यानें स्थापन झालें. इजेक्टरावर पुष्कळदां बंदुकीचाच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे अंक असतात. ते जुळल्यास इजेक्टर मूळचा मानण्यास आधार मिळतो. न जुळल्यास तो मागाहून बसविला असण्याचा संभव धरावा, कारण जुन्या बंदुकांस नवे इजेक्टर बसवीत असत. पोथीच्या शेवटीं निराळ्या हातानें घातलेला शक जसा पोथीचा काल ठरवीत नाहीं, तसेंच हें आहे.

यासाठीं उतरविण्यापूर्वींची स्थिति, मुद्रा व अंक यांचें टिपण आणि छायाचित्र आधीं घ्यावें. 1959 च्या शस्त्र कायद्यानें अशा बंदुकीस परवाना लागतो, म्हणून हें काम परवानाधारकाच्या समक्षच करावें. घराण्याची सांगी टिपून ठेवावी. परंतु तिचा निर्णय अंक वाचल्यावर करावा.