घूर्णवाताचा मार्ग आणि ग्रीन्सबर्गचा विध्वंस

घूर्णवात, म्हणजेच टॉर्नेडो, हे आपल्याकडील वावटळीचे केवळ मोठे रूप नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. प्रबळ घूर्णवात मात्र गडगडाटी मेघाशी निगडित असतो व त्या मेघापासून भूमीपर्यंत पोहोचलेला असतो. त्याचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचे असते. वेगमापक यंत्र त्याच्या वाटेत सापडणे दुर्मिळ, आणि सापडले तरी ते टिकून राहणे कठीण. म्हणून त्याचे बळ बहुतेक वेळा त्याने मागे ठेवलेल्या विध्वंसावरूनच अनुमानावे लागते. या अनुमानाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा अमेरिकेतील ग्रीन्सबर्ग या लहानशा गावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात.

कॅन्सस राज्यातील या गावाची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत १,५७४ होती. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण, आर्द्र हवा आणि पश्चिमेच्या पठारावरील कोरडी हवा वसंत ऋतूत या मैदानावर एकमेकींस भिडतात. उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग झपाट्याने बदलत असल्यास वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते. ४ मे २००७ रोजी रात्री अशाच एका मेघातून निर्माण झालेला घूर्णवात पावणेदहाच्या सुमारास दक्षिणेकडून गावात शिरला. त्याची कमाल रुंदी सुमारे २.७ किलोमीटर, म्हणजे गावाच्या रुंदीहूनही अधिक होती. त्यामुळे अशा वादळात नेहमी आढळणारे दृश्य, एक आळी भुईसपाट आणि शेजारची सुरक्षित, येथे दिसले नाही. सुमारे ९५ टक्के गाव उद्ध्वस्त झाले.

नाशावरून वेग ठरविण्याची पद्धत शिकागो विद्यापीठातील तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली. तिची सुधारित श्रेणी अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली. तीत इमारती, खांब, वृक्ष अशा २८ प्रकारच्या वस्तूंची हानी स्वतंत्रपणे पाहिली जाते. कारण मोडकळीस आलेले घर पडणे आणि पक्के बांधलेले घर पायापासून वाहून जाणे, यांतून निघणारे अनुमान एक असू शकत नाही. ग्रीन्सबर्गच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर ठरविण्यात आला, आणि नव्या श्रेणीतील सर्वोच्च, पाचवा क्रमांक मिळालेला हा पहिला घूर्णवात ठरला. गावातील रुग्णालय नष्ट झाले, पाण्याची उंच टाकी कोसळली; धान्याचे काँक्रीटचे कोठार मात्र उभे राहिले.

एवढा संहार होऊनही या घूर्णवाताने घेतलेले बळी अकरा होते. हवामान खात्याच्या डॉज सिटी येथील कार्यालयाने रडारच्या आधारे आधीच निकराचा इशारा दिला होता. गावातील भोंगे सुमारे वीस मिनिटे आधी वाजले, आणि बहुसंख्य लोक तळघरांत उतरले. याउलट २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर व साटुरिया या भागात आलेल्या घूर्णवाताने सुमारे १,३०० माणसे मारली. तेथे कच्ची, हलकी घरे होती, आणि वेळेवर इशारा मिळण्याची सोय नव्हती. मृत्यूंची संख्या केवळ वाऱ्याच्या वेगाने ठरत नाही, हे यावरून उघड होते.

तथापि जीव वाचले म्हणजे गाव वाचले, असेही नव्हे. ग्रीन्सबर्ग नव्या आराखड्यानुसार पुन्हा उभारण्यात आले. मोठ्या सार्वजनिक इमारतींसाठी ऊर्जाबचतीचे कठोर निकष स्वीकारण्यात आले आणि गावाजवळ पवनचक्क्याही उभ्या राहिल्या. परंतु २०१० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ७७७ भरली. घरे गेलेल्यांपैकी अनेक जण अन्यत्र स्थायिक झाले होते. घूर्णवाताच्या श्रेणीत भिंती व छपरे मोजली जातात. न परतलेली कुटुंबे त्या मोजमापात येत नाहीत. म्हणून एखाद्या वस्तीच्या हानीचा अभ्यास वादळाच्या दुसऱ्या दिवशी संपत नाही. त्यास पुढील जनगणनेपर्यंत थांबावे लागते.